गल्लीतलं गावठी मांजर घरात आणताय? पिल्लू उचलण्यापासून महापुरापर्यंत काय काय करायचं

आमच्या मांजरीची, हळदीची, दवाखान्यात फाईल पहिल्यांदा बनवली तेव्हा जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी डीएसएच असं लिहिलं. डोमेस्टिक शॉर्टहेअर, म्हणजे आखूड केसांचं मिश्र वंशाचं घरगुती मांजर, म्हणजेच आपलं गावठी. ही काय जात नव्हे, कुणी ठरवून पैदास केलेली नाही, पिढ्यानपिढ्या गोठ्यात, गल्लीत, अडतीच्या गोदामात उंदरांमागं फिरत आपापली वाढलेली मांजरं ही. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळं चार पिल्लांत एक वाघासारखं पट्ट्यांचं, एक काळंभोर, एक पांढरं आणि एक तिरंगी असं निघतं.

हळदीच्या आधी आमच्याकडं एक करडं पिल्लू होतं. सांगलीतला २०२१ चा महापूर ओसरल्यावर घरातला गाळ काढत होतो तेव्हा जिन्याखाली सापडलेलं. दोन महिन्यांचं असेल. लस द्यायची का असं मी विचारलं तर घरात, गल्लीत सगळ्यांचं एकच उत्तर, गावठीला कशाला लस, गावठी चिवट असतंय. मी पण ऐकलं. तीन आठवड्यांनी एका सकाळी ते पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलं, पाणी समोर असून पीत नव्हतं, मग उलट्या, मग जुलाब, आणि तिसऱ्या दिवशी गेलं. पॅनल्यूकोपेनिया. लसीनं टळला असता असा आजार. तेव्हापासून कुणी गावठी चिवट असतंय म्हटलं की मी सांगते, जी जगतात तीच आपल्याला भिंतीवर बसलेली दिसतात हो, बोळात मेलेली पिल्लं आपण मोजत नाही. हे सगळं लिहितेय ते त्यासाठीच.

आधी हे बघा की पिल्लू उचलायचंय का

पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. भाटी, म्हणजे मांजरी, शिकारीला, खायला दोन-चार तास बाहेर जाते, आणि मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ते खरंच आहे, जागा बदलताना ती एकेक करून नेते, तेव्हा तुम्हाला एकटं दिसलेलं पिल्लू कदाचित पुढच्या फेरीतलं असेल. पिल्लू स्वच्छ, पोट भरलेलं, गप झोपलेलं असेल तर आई येतेय असं समजा. शंका असेल तर पिल्लाभोवती थोडी कणीक भुरभुरा आणि लांबून लक्ष ठेवा, आई येऊन गेली की पावलं उमटतात. अंग गार पडलेलं, डोळे चिकटलेले, सारखं ओरडतंय, कुत्र्यांच्या किंवा गाड्यांच्या वाटेत आहे, असं असेल तर मात्र थांबू नका.

आणि घरच्या भाटीची पिल्लं पोत्यात घालून मटण मार्केटला, बाजारात सोडून येतात ना लोक, "तिथं खायला मिळतंय" म्हणून, तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात गुन्हा आहे. आमची आजी कायद्याचं नाव न घेता हेच सांगायची, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं म्हणायची.

वय ओळखणं

सगळं वयावर ठरतंय, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, पुढं आठवड्याला तेवढंच वाढतं, महिन्याला ४५० ग्रॅमच्या आसपास, दोन महिन्यांना ९०० च्या जवळ. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, आधी सगळ्यांचेच निळे असतात आणि दीड महिन्यानंतर रंग बदलायला लागतो. तीन-चार आठवड्यांत पुढचे बारीक दात टोचायला लागतात.

चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर काम मोठं आहे, आणि पहिली गोष्ट ऊब, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, ठसका लागून मरू शकतं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी ठेवा म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. मग दूध, पण गाईचं-म्हशीचं नव्हे, पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते ती. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पुढं चार-पाच तासांनी. पाजताना पालथं धरायचं, आईला पितं तसं, माणसाच्या बाळासारखं उताणं अजिबात नाही कारण दूध फुप्फुसात जातं. आणि प्रत्येक वेळी पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं खालच्या बाजूला हळू पुसायचं, आई चाटते तसं, त्याशिवाय एवढ्या लहान पिल्लाला शी-शू होत नाही. रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा, दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढायला पाहिजे, सलग दोन दिवस वाढलं नाही तर डॉक्टर.

जमत असेल तर सहा-आठ आठवड्यांपर्यंत आईपाशीच राहू द्या. फक्त या काळात रोज थोडा वेळ हातात घ्या, माणसांची सवय लागायचा काळ साधारण दोन ते सात आठवड्यांचा असतो, तो गेला की पिल्लू माणसाला बिचकतं आणि मग महिनोन् महिने मेहनत घ्यावी लागते.

पहिला आठवडा

पूर्ण घर एकदम देऊ नका. एक खोली द्या, त्यात लपायला एक खोका, एका कोपऱ्यात खाणं-पाणी, लांबच्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे. कॉटखाली जाऊन बसलं तर ओढून काढायचं नाही, आपण जमिनीवर बसून आपलं काम करत राहायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः येतंय. खेळायला दोरी, कागदाचा बोळा द्या, हात नको, लहानपणी हाताला चावायची मजा वाटते आणि मोठं झाल्यावर तेच दात रक्त काढतात.

आता एक अगदी महत्त्वाचं. पिल्लाच्या अंगावर पिसवा असतात आणि आपल्याकडं घरात कायतरी औषध पडलेलं असतंच. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर थरथर कापत, फिट येऊन मरतं, मांजराच्या लिव्हरला ते फोडता येत नाही. गोठ्यात गोचिडासाठी फवारतात ती औषधं पण बहुतेक याच कुळातली, "पाण्यात जरा जास्त पातळ करून लावा" असं कुणी सांगितलं तरी लावू नका. बारीक दातांची फणी, साबणाच्या पाण्याची वाटी आणि अर्धा तास, लहान पिल्लासाठी एवढंच पुरतं, मोठं झाल्यावर डॉक्टर वजनाप्रमाणं मानेवर टाकायचं औषध देतात.

तसंच फिनेल. फरशी फिनेलनं पुसली, मांजर त्यावरून चाललं आणि पाय चाटले की ते पोटात गेलं. कपाटातल्या डांबरगोळ्या, देवघरातला कापूर, फुलदाणीतली लिली पण मांजराच्या वाटेत नको. लिलीचे नुसते परागकण चाटले तरी किडन्या जातात.

वाळूचा ट्रे

हे लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही, मांजराला उकरून झाकायची उपजतच सवय असते, आपण फक्त जागा दाखवायची. प्लॅस्टिकचं पसरट टब घ्या, दोन-अडीच इंच बांधकामाची चाळलेली वाळू किंवा वखारीतला जाडसर भुसा टाका, अगदी पिठासारखा भुसा नको, शिंका येतात. विकतची गोळे होणारी मांजराची वाळू (लिटर) सोपी पडते पण दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको, ती खातात. खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर उचलून ट्रेमध्ये ठेवा. रोज दोन वेळा साफ करा. मांजर ट्रेबाहेर करायला लागलं तर रागावू नका, ट्रे घाण आहे, जागा गजबजलेली आहे किंवा लघवीचा त्रास आहे, तिन्हीतलं एक असतंय. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे.

घरात कुणी गरोदर असलं की मांजर बाहेर काढा असा सल्ला देणारे दहा जण येतात. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या शीतून पसरू शकतो हे खरं, पण शी पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा, मटण नीट शिजवायचं, भाजी धुऊन घ्यायची. मांजर सोडायची गरज नाही.

खाणं: दूध-भाकरीचं काय

आपल्या सगळ्यांच्या घरी मांजर म्हणजे दूध-भाकरी. आजी ताटलीत कुस्करून ठेवायची आणि मांजर खायचं पण. पण ती मांजरं दिवसभर उंदीर, पाल, चिमण्या खायची, दूध-भाकरी वरची होती, हे आपण विसरतो. फ्लॅटमध्ये ठेवलेल्या मांजराला नुसती दूध-भाकरी घातली तर ते हळूहळू खंगतं. मांजर पक्कं मांसाहारी आहे, त्याला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच लागतो, तो मांसात असतो, धान्यात नसतो, आणि कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन आंधळेपणा येतो, हृदय मोठं होतं. कुत्र्याचं पाकिटातलं खाणं म्हणूनच मांजराला चालत नाही. दुधाचं म्हणाल तर मोठं होताना बहुतेक मांजरांना ते पचेनासं होतं, जुलाबाचं कारण अर्ध्या वेळा तेच.

मी काय करते ते सांगते. मांजराचं कोरडं खाणं हा पाया, पिल्लू असेपर्यंत किटनचं आणि दिवसातून चार वेळा, वर्षानंतर मोठ्यांचं आणि दोन वेळा. त्यावर रोज थोडं उकडलेलं चिकन, मीठ, हळद, कांदा, लसूण काही न घालता, कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन पण देऊ नका. नुसत्या चिकनवर पिल्लू वाढवलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं चिकन देतोय म्हणजे राजेशाही चाललंय. कलेजी आठवड्यातून एकदा, छोटा तुकडा. शिजवलेली हाडं नाहीत. सुकट आणि खारवलेले बोंबील आवडतात खरं, पण मीठ फार असतं.

सांगली-मिरजेत शाकाहारी घरं भरपूर, आणि मला नेहमी विचारतात की आमच्यात चालत नाही, मांजर पाळावं का. पाळा की. कोरडं खाणं पाकिटातून ताटलीत पडतं, स्वयंपाकघरात काही शिजवावं लागत नाही. पण मांजराला आपल्यासारखं शाकाहारी करायचं म्हणाल तर तो त्याच्यावर अन्याय आहे.

पाणी खाण्याच्या शेजारी नको, जरा लांब, पसरट भांड्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला टेकतो तेव्हा मी दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवते आणि पत्र्याच्या खोलीचं दार दुपारी बंद करते. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ओल्या फडक्यानं पुसत तसंच दवाखाना गाठा, कुत्र्यासारखं तोंड उघडून श्वास घेणं मांजरात कधीच साधं नसतं.

लस आणि जंत

जंताचं औषध लहानपणी दर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढं तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरकडूनच घ्या.

लस आठव्या आठवड्यात सुरू होते. एकाच इंजेक्शनात तीन आजार येतात, पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीसारखे दोन विषाणू. एक दिली आणि झालं असं नाही, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. कारण आईच्या दुधातून आलेली ताकद लसीला आड येते आणि ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. रेबीजची बारा आठवड्यांना. मग वर्षानं दोन्ही, पुढचं वेळापत्रक डॉक्टर सांगतील. जायच्या आधी फोन करून विचारा, कुत्र्यांची लस बऱ्याच ठिकाणी असते, मांजराची कधी कधी मागवावी लागते.

पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, साध्या फिनेलनं मरत नाही. माझ्या करड्या पिल्लाची सगळी भांडी, अंथरूण मी टाकून दिलं, फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं दहा मिनिटं ठेवून पुसली, आणि वर्षाच्या वर थांबून मगच हळदीला आणलं. तुमच्या घरात असं झालं असेल तर लस न घेतलेलं नवीन पिल्लू कृपा करून लगेच आणू नका.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा, त्यावर हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारा. रेबीज झाल्यावर उपाय नाही, आधीच आहे.

नसबंदी

एक दिवस अचानक भाटी जमिनीवर लोळायला लागते, मागचा भाग वर करते, रात्रभर गळा काढून ओरडते, आणि घरचे म्हणतात पोटात दुखतंय वाटतं. पोटात दुखत नाही, ती माजावर आलीय. चार महिन्यांची भाटीसुद्धा येऊ शकते, म्हणून चौथ्या ते सहाव्या महिन्यात, पहिल्या माजाच्या आधीच ऑपरेशन करून घेतलं तर बरं, पुढं स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" याला काही आधार नाही. गाभण काळ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं पीत असतानाच ती परत गाभण राहू शकते. दिवस मोठे असतात तेव्हा मांजरं माजावर येतात, म्हणून उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात, आणि पहिल्या पावसात त्यातली निम्मीअर्धी दिसेनाशी होतात. मला ते बघवत नाही.

बोक्याचं ऑपरेशन तर अगदी छोटं, तरी लोक नको म्हणतात, बिचारा राहू दे म्हणतात. पण न केलेला बोका भाटीच्या मागं चार-चार दिवस गायब असतो, भांडून पू झालेल्या जखमा घेऊन येतो, घरात भिंतीवर लघवी फवारतो.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा, पिल्लू लहान असेल तर कमी तास. घरी आणल्यावर एका खोलीत, जमिनीवर अंथरूण, उंचावर उडी नाही, दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत. गळ्यातला कॉलर हळदीनं दोन तासांत काढला, मग मी जुन्या टी-शर्टची बाही कापून चार पायांसाठी भोकं पाडून घातली आणि ती निवांत राहिली. नंतर खाणं थोडं कमी करा, गरज घटते पण भूक वाढते.

रंगाचं एक सांगून टाकते. हळदी नावाप्रमाणं पूर्ण पिवळी, आणि पिवळी भाटी कमी दिसते कारण पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, बोक्याला एकच पुरतं, भाटीला आई-बाप दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर तिरंगी किंवा काळी-पिवळी होते, म्हणून तिरंगी मांजर जवळपास कायम भाटीच. हे जनुक नेमकं कुठलं ते २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी सांगितलं.

दवाखान्यात कधी पळायचं

बोका ट्रेमध्ये सारखा बसतोय, कुंथतोय आणि लघवी येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. नळी बंद झालेली असते, एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि लोक याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसतात. मोठं मांजर दिवसभर जेवलं नाही तर फोन, दोन दिवस जेवलं नाही तर लिव्हरवर चरबी साचायला लागते. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, मागचे पाय एकदम लुळे पडणं, उंदराचं औषध खाल्लेला उंदीर तोंडात, ऊसाकडच्या घरांत हे फार होतं, सगळं तातडीचं. ताप आलाय वाटलं तरी आपली क्रोसिन नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारते.

आणि पूर

सांगलीत राहून हे लिहिलं नाही तर उपयोग नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. आम्ही नावेतून निघालो तेव्हा समोरच्या पत्र्यावर तीन मांजरं बसलेली, आणि त्यांना घ्यायला आमच्याकडं ना पिंजरा होता ना जागा. पाणी दारात आलं की मांजर माळ्यावर, कौलाखाली, कुठंतरी घुसतं आणि हाक मारून येत नाही. म्हणून माझा नियम असा की पस्तीस फूट झालं की हळदी आधी एका खोलीत बंद, आणि चाळीसच्या आत तिला विश्रामबागला मावशीकडं.

पिंजरा विकत घ्यायला पाहिजे असं नाही. द्राक्षाचे प्लॅस्टिक क्रेट दोन घ्या, तोंडाला तोंड लावून नायलॉन दोरीनं चारी बाजूंनी बांधा, तळाला जुनी साडी. हवा खेळती, धुवायला सोपं, नावेत ठेवलं तरी कलंडत नाही. पण पुराच्या दिवशी पहिल्यांदा त्यात कोंबलं तर ती फाडून काढेल, म्हणून मे महिन्यापासूनच खालचा क्रेट उघडा ठेवून त्यातच जेवण द्यायचं. सोबत एका पिशवीत आठ दिवसांचं खाणं, लसीचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, एक टॉवेल, पाण्याची बाटली, आणि मोबाईलमध्ये तिचे दोन्ही बाजूंचे फोटो, कारण हरवली तर नुसतं पिवळी मांजर सांगून कुणाला कळत नाही. परत आल्यावर गाळ काढून, ब्लीचनं धुऊन, घर कोरडं होईपर्यंत तिला आणायचं नाही, साचलेलं पाणी ती पहिल्यांदा चाटते.

आमच्या कपाटावर ते दोन क्रेट दोरीसकट बारमाही असतात. खालचा सध्या जिन्यात काढून ठेवलाय आणि हळदी त्यातच झोपते.